हंगाम सरला, वादळ उरले

बँकेच्या कामकाजात ३१ मार्च या तारखेला जे स्थान आहे, तेच अटलांटिक महासागराच्या हवामानशास्त्रात ३० नोव्हेंबर या तारखेला आहे. १ जून रोजी तेथील ‘हरिकेन’ वादळांचा हंगाम अधिकृतपणे उघडतो आणि ३० नोव्हेंबरला तो मिटतो. या तारखा १९६५ पासून रूढ आहेत. त्यापूर्वी १५ नोव्हेंबरलाच हंगाम संपला असे मानीत. आजवरच्या नोंदी पाहता अटलांटिकवरील वादळी हालचालींपैकी सुमारे ९७ टक्के या सहा महिन्यांच्या आत बसतात आणि त्यांचा भर १० सप्टेंबरच्या आसपास असतो. म्हणून डिसेंबर उजाडला की अमेरिकेतील मायामी येथील राष्ट्रीय हरिकेन केंद्रात सरल्या हंगामाच्या अहवालांचे काम सुरू होते, कॅरिबियन बेटांवरची हॉटेले पर्यटकांच्या स्वागताला लागतात आणि खिडक्यांवर ठोकायच्या फळ्या पुन्हा अडगळीत जातात.

३१ मार्च ही तारीख माणसांनी ठरविली आणि माणसेच ती पाळतात. ३० नोव्हेंबर ही तारीखही माणसांनीच ठरविली. पाळायची मात्र ती समुद्राने आहे. बहुतेक वर्षी समुद्र ती पाळतोही. न पाळल्याची जी थोडी उदाहरणे आहेत, त्यांतील सर्वांत विलक्षण उदाहरण २००५ सालच्या डिसेंबरातले आहे. आणि वादळ नेमके कशावर चालते हे समजून घेण्यास ते मोठ्या, संहारक वादळांपेक्षाही अधिक उपयोगी पडते.

२००५ हे साल मराठी वाचकाला २६ जुलैमुळे आठवते. चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस अटलांटिक महासागर असाच मर्यादा सोडून वागत होता. (या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही.) ऑगस्टच्या अखेरीस कतरिनाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडविले, सप्टेंबरात रीटा आले आणि ऑक्टोबरात विल्माच्या केंद्रातील हवेचा दाब ८८२ मिलिबारपर्यंत उतरला. अटलांटिकवर इतका कमी दाब त्यापूर्वी कधी मोजला गेला नव्हता.

विल्मामुळे एक कारकुनी स्वरूपाची अडचणही उभी राहिली. अटलांटिकवरील वादळांसाठी दरवर्षी २१ नावांची यादी आधीच ठरलेली असते. क्यू, यू, एक्स, वाय आणि झेड या अक्षरांची नावे पुरेशी सापडत नसल्याने ती वगळलेली असतात. विल्मा हे त्या यादीतले शेवटचे नाव होते, आणि हंगाम संपायला अजून सहा आठवडे बाकी होते. यादी अपुरी पडल्यास ग्रीक वर्णमालेतील अक्षरे क्रमाने वापरावीत अशी तरतूद कागदोपत्री होती, पण ती वापरण्याची वेळ कधी आली नव्हती. धनादेश-पुस्तिका संपल्यावर खातेदाराला एखादा सुटा धनादेश द्यावा तशी ती सोय होती. २००५ मध्ये असे सुटे धनादेश एकामागून एक द्यावे लागले: अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा.

डेल्टा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पूर्वेकडे सरकत गेले आणि २८ तारखेला, आपले उष्णकटिबंधीय रूप टाकून, आफ्रिकेच्या वायव्येस असलेल्या स्पेनच्या कॅनरी बेटांवर आदळले. वादळे तेथून पश्चिमेकडे निघतात, तेथे येत नाहीत, हा त्या बेटांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. तेनेरिफे बेटावर दोन लाखांहून अधिक रहिवाशांची वीज गेली. ग्रान कनारिया बेटाच्या किनाऱ्यावर समुद्रातून वर आलेला, ‘देवाचे बोट’ म्हणून ओळखला जाणारा एक उंच सुळका होता. त्याचे टोक त्या रात्री मोडून पाण्यात पडले. आफ्रिकेतून युरोपच्या आशेने निघालेले स्थलांतरितही त्याच पाण्यात होते, आणि त्यांच्यापैकी काही जण बुडाले. हंगाम संपायला दोन दिवस असताना घडलेली ही गोष्ट. दुसऱ्याच दिवशी, २९ नोव्हेंबरला, बर्म्युडा बेटाच्या पूर्वेस भर समुद्रात आणखी एका वादळाची नोंद झाली. त्याला पुढचे ग्रीक अक्षर मिळाले: एप्सिलॉन.

एप्सिलॉनने कोणाचे घर पाडले नाही. त्याचा मुक्काम अथपासून इतिपर्यंत खोल समुद्रातच होता. असे असूनही हवामानशास्त्रज्ञांच्या स्मरणात ते राहिले, याचे कारण त्याने भाकितांचा केलेला बोजवारा. अटलांटिकवरील वादळातील वारे ताशी ६३ किलोमीटरला पोहोचले की त्याला नाव मिळते आणि ताशी ११९ किलोमीटरला पोहोचले की ते हरिकेन ठरते. एप्सिलॉनच्या खालचे पाणी २१ ते २३ अंश सेल्सिअसचे होते. पाठ्यपुस्तकांतला दंडक सांगतो की चक्रीवादळ जन्मण्यास आणि जगण्यास समुद्राचे पाणी किमान २६.५ अंश तरी उबदार हवे. तेव्हा मायामीच्या केंद्राने, दंडकास धरून, हे वादळ दोन-एक दिवसांत विरेल असे कळविले. २ डिसेंबरला ते हरिकेन झाले. केंद्राने पुन्हा विरण्याचे भाकीत केले. ३ तारखेला ते हरिकेनच होते, ४ तारखेलाही होते, आणि ५ तारखेला त्याच्यातील वारे ताशी १४० किलोमीटरपर्यंत चढले. उपग्रहाच्या छायाचित्रात मध्यभागी मोठा, स्वच्छ डोळा आणि भोवती ढगांचे एकसंध कडे, असे त्याचे रूप दिसत होते. इतके रेखीव रूप ऐन सप्टेंबरातल्या वादळांनाही क्वचितच लाभते.

हे केंद्र चालू वादळाविषयी दर सहा तासांनी एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध करते. अशा टिपणांची भाषा रोखपालाच्या नोंदीसारखी कोरडी असते. त्या आठवड्यात मात्र तिच्यात माणूस डोकावू लागला. एका टिपणात ड्यूटीवरील अधिकाऱ्याने सरळ लिहून टाकले की वादळ अलीकडे बळावले त्याला स्पष्ट कारण दिसत नाही, ते आपण बनवूनही सांगणार नाही, आणि जे घडत आहे तेवढेच नोंदवीत आहोत. दर सहा तासांनी सही करून मत द्यायचे, आणि दर वेळी ते चुकायचे! अशा वेळी एखादे घाऊक कारण चिकटवून देण्याचा मोह कोणालाही झाला असता. तो टाळल्यामुळेच पुढे संशोधकांना या वादळाचा अभ्यास कोऱ्या पाटीवर करता आला.

मग कारण काय होते?

उष्णकटिबंधीय चक्रीवादळ हे एक उष्णतेवर चालणारे यंत्र आहे. समुद्रावरील हवा पाण्यातून उष्णता आणि बाष्प घेते, वर चढते, वर गेल्यावर बाष्पाचे पाणी होते आणि त्यात साठलेली सुप्त उष्णता मोकळी होते. त्या उष्णतेने भोवतालची हवा हलकी होऊन आणखी वेगाने वर जाते, खाली दाब कमी होतो, आणि ती पोकळी भरायला चहूबाजूंनी वारे धावतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे ते सरळ केंद्राकडे न जाता वळून फिरू लागतात. फिनलंडचे हवामानशास्त्रज्ञ एरिक पाल्मेन यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले की अशी वादळे जवळपास सव्वीस-सत्तावीस अंशांहून उबदार पाण्यावरच जन्मतात. पुढे हा निरीक्षणाचा आकडा नियमासारखा वापरला जाऊ लागला. तो बव्हंशी बरोबरच आहे, कारण बहुसंख्य वादळे उष्ण कटिबंधातच होतात आणि तेथील हवेची मांडणी साधारण एकसारखी असते.

परंतु यंत्राचा विचार करता पाण्याचे तापमान ही हिशेबाची एकच बाजू आहे. अमेरिकेतील शास्त्रज्ञ केरी इमॅन्युएल यांनी १९८६ मध्ये हरिकेनचा विचार उष्णतेचे इंजिन म्हणून मांडला, तेव्हा दुसरी बाजू ठळक झाली. ती म्हणजे वरच्या हवेची थंडी. बँकेच्या ग्राहकाला हे समजायला अवघड नाही. बँक कर्जावर किती टक्के व्याज घेते एवढ्यावरून तिचा नफा सांगता येत नाही. ठेवींवर किती टक्के देते हेही पाहावे लागते. कर्ज ११ टक्क्यांनी आणि ठेव ८ टक्क्यांनी, किंवा कर्ज ८ टक्क्यांनी आणि ठेव ५ टक्क्यांनी, दोन्हींत मधला फरक तीनच टक्के. दर खाली आले म्हणून बँक बंद पडत नाही. फरक मिटला तर पडते. वादळाचेही तसेच आहे. पाणी पाच अंशांनी थंड झाले, पण वरची हवाही त्या उंचीवर नेहमी असते त्यापेक्षा तितकीच किंवा अधिक थंड झाली, तर खालून निघालेली हवा भोवतालच्या हवेपेक्षा हलकीच राहते आणि वर चढत जाते. यंत्र चालू राहते.

एप्सिलॉनच्या डोक्यावर नेमकी अशीच थंड हवा होती. हिवाळ्याच्या तोंडाशी उत्तरेकडील थंड हवेचे मोठे लोट दक्षिणेकडे उतरू लागतात. कधी त्यातला एखादा तुकडा मूळ प्रवाहापासून तुटतो आणि मध्य अटलांटिकवर एकटाच घुटमळत राहतो. अशा तुकड्यामुळे समुद्रावर कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, पण त्याचा गाभा थंड असतो. ते हिवाळी वादळ असते, हरिकेन नव्हे. ते काही दिवस एका जागी रेंगाळले की खालचे पाणी, २२ अंशांचे का होईना, वरच्या गारठ्याच्या तुलनेत उबदार ठरते. केंद्राभोवती गडगडाटी ढग उठू लागतात, त्यांतील सुप्त उष्णतेने गाभा हळूहळू ऊबदार होतो आणि थंड गाभ्याचे वादळ उष्ण गाभ्याचे होऊन बसते. हवामानशास्त्रात याला उष्णकटिबंधीय रूपांतर म्हणतात. एप्सिलॉन, आणि त्याआधी ऑक्टोबरात आलेले व्हिन्स, ही दोन्ही अशी धर्मांतर केलेली वादळे होती. व्हिन्स तर ११ ऑक्टोबरला स्पेनच्या मुख्य भूमीवर पोहोचले. तोपर्यंत तेथे उष्णकटिबंधीय वादळ उतरल्याची नोंद नव्हती.

या हिशेबात आणखी एक आकडा आहे, आणि तो लक्षात घेतला नाही तर वाचकाचा गैरसमज होईल. दरांतला फरक टिकला तरी उलाढाल किती हा प्रश्न उरतोच. २८ अंशांच्या हवेत जितके बाष्प मावते, त्यापेक्षा २२ अंशांच्या हवेत सुमारे ३० टक्के कमी मावते. वादळाचे इंधन बाष्प आहे. म्हणून थंड पाण्यावरची वादळे टिकू शकतात, पण फारशी मोठी होत नाहीत. एप्सिलॉनचे वारे ताशी १४० किलोमीटरच्या पुढे गेले नाहीत. विल्माचे त्याच्या दुपटीहून अधिक होते.

एप्सिलॉन संपले तेही शिकवण्यासारख्या रीतीने. ६ डिसेंबरनंतर ते दक्षिणेकडे वळले. तिकडे पाणी थोडे अधिक उबदार होते. जुन्या दंडकाने पाहता त्याला तेथे बळ मिळायला हवे होते. पण तेथे वरच्या थरात पश्चिमेकडून जोरदार वारे वाहत होते. खालचे वारे एका गतीने आणि वरचे दुसऱ्याच गतीने जाऊ लागले की वादळाचा उभा खांब तिरका होतो आणि मोडतो. ७ डिसेंबरला ते हरिकेन राहिले नाही, आणि ८ तारखेला त्याचा केवळ अवशेष उरला. पाच दिवस हरिकेन राहण्याचा विक्रम मात्र त्याच्या नावे लागला; डिसेंबरातील दुसरे कोणतेही अटलांटिक हरिकेन इतके टिकल्याची नोंद तोवर नव्हती.

वाऱ्यांची हीच गोष्ट भारतीय समुद्रांचे कोडेही उलगडते. बंगालच्या उपसागरात व अरबी समुद्रात डिसेंबरातले चक्रीवादळ हे नवल नव्हे. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री धनुष्कोडी गाव आणि त्या वाटेवरची प्रवासी गाडी समुद्राने गिळली, ती चक्रीवादळाच्या नेहमीच्याच काळात. येथे वादळांचे हंगाम दोन: मान्सूनपूर्वी आणि मान्सूननंतर. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र उबदार असूनही मोठी चक्रीवादळे क्वचित होतात, कारण त्या महिन्यांत खालच्या थरात नैऋत्येचे आणि वरच्या थरात पूर्वेचे जोराचे वारे असतात आणि त्या ओढाताणीत वादळाचा खांब उभाच राहत नाही. तेव्हा ‘अवेळी’ हा शब्द त्या त्या समुद्राच्या पंचांगाप्रमाणे वाचावा लागतो.

एप्सिलॉन विरले तेव्हा वर्षाचे तीन आठवडे शिल्लक होते. मायामीच्या केंद्राला ते निवांत मिळाले आणि ३० डिसेंबरला, ऐन वर्षअखेरीस, पूर्व अटलांटिकवर झीटा उगवले! ते हरिकेन झाले नाही. त्याचे वारे ताशी १०० किलोमीटरच्या आसपास थांबले. पण विरण्याची भाकिते त्यानेही बरीच खोटी ठरविली आणि ६ जानेवारी २००६ पर्यंत ते जगले. हिशेबनीसाला येथे एक ओळखीचा प्रश्न पडेल. आयुष्याचे दोन दिवस जुन्या वर्षात, बाकीचे नव्यात. नोंद कोणत्या वर्षाच्या वहीत करायची? संकेत असा की वादळ ज्या वर्षी जन्मले त्या वर्षाचे. झीटा २००५ चेच धरले गेले.

असा प्रश्न पूर्वी एकदाच आला होता आणि तेव्हा नोंद चुकली होती. जानेवारी १९५५ च्या आरंभी पूर्व कॅरिबियनमधील सबा आणि सेंट बार्थेलेमी बेटांच्या परिसरात एक हरिकेन अकस्मात येऊन ठेपले. उपग्रह नव्हते, भर समुद्रातले वादळ एखाद्या जहाजाने कळविले तरच कळायचे. जानेवारीत दिसले म्हणून त्याला १९५५ च्या यादीतील पहिले नाव, ॲलिस, देण्यात आले. नंतर जहाजांच्या नोंदी पुन्हा तपासल्यावर लक्षात आले की त्याचा जन्म ३० डिसेंबर १९५४ चा आहे. पण १९५४ च्या यादीतही पहिले नाव ॲलिसच होते आणि ते जूनमधल्या एका वादळाला दिलेले होते. परिणामी १९५४ या एका वर्षाच्या वहीत आरंभीही ॲलिस आणि शेवटीही ॲलिस, अशी नोंद कायमची राहिली आहे.

तपासणीत नोंद सापडण्याचा प्रकार २००५ च्या बाबतीतही घडला. हंगामाचे आकडे जुळविताना, २००६ मध्ये, तज्ज्ञांना आढळले की ऑक्टोबरच्या आरंभी अझोर्स बेटांजवळ आणखी एक वादळ होऊन गेले होते आणि घाईगर्दीत त्याला नावच दिले गेले नव्हते. ते धरून त्या वर्षाची बेरीज २८ झाली. उपग्रहांची नजर असताना जर एक वादळ निसटू शकते, तर १९६० पूर्वी, जहाजांच्या वाटांपासून दूर, हिवाळ्याच्या तोंडावर अशी किती वादळे कोणी न पाहता येऊन गेली असतील, याचा अंदाजच केलेला बरा. म्हणूनच पूर्वी हंगामाबाहेरची वादळे कमी होती आणि आता वाढली, असे केवळ नोंदींच्या संख्येवरून म्हणणे धाडसाचे ठरते. समुद्र तापत आहे हे मोजमापांनी सिद्ध आहे. त्यामुळे हंगामाच्या कडा किती लांबतील याविषयी शास्त्रज्ञ जपून बोलतात, आणि वरील हिशेब पाहता ते योग्यही आहे. पाणी तापले आणि वरची हवाही तापली, तर फरक काय राहील?

जानेवारी २०१६ मध्ये एप्सिलॉनचाच प्रकार पुन्हा दिसला. सुमारे २२ अंशांच्या पाण्यावर, वर कडाक्याची थंड हवा असताना, अटलांटिकवर ॲलेक्स हे हरिकेन तयार झाले. १४ जानेवारीला त्याचे वारे ताशी १४० किलोमीटर झाले, आणि दुसऱ्या दिवशी किंचित मंदावून ते अझोर्समधील तर्सेरा बेटावरून गेले. जानेवारी महिन्यातच जन्मून हरिकेन झालेले याआधीचे अटलांटिक वादळ १९३८ सालचे होते. गंमत अशी की त्याच आठवड्यात मध्य पॅसिफिकवर पाली हे हरिकेनही चालू होते.

आतापर्यंत सांगितलेली वादळे बहुतांशी निर्जन समुद्रावरची. उशिराच्या वादळांचा दुसरा एक वर्ग आहे आणि माणसांच्या दृष्टीने तोच अधिक घातक आहे. नोव्हेंबरात उत्तर अटलांटिक गार होत असताना कॅरिबियन समुद्राचे पाणी २८ अंशांच्या आसपास टिकून असते. तेथे उत्तरेकडून उतरणारे हिवाळी वारे वादळांच्या वाटाच बदलून टाकतात. नोव्हेंबर १९९९ मधील लेनी हे याचे ठळक उदाहरण. कॅरिबियनमधील हरिकेन पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते हे तेथील मुलालाही ठाऊक असते. लेनी पश्चिमेकडून पूर्वेकडे गेले, आणि तेही ताशी सुमारे २५० किलोमीटरच्या वाऱ्यांनिशी. पूर्वेकडील छोट्या बेटांची बंदरे, हॉटेले, कोळ्यांच्या वस्त्या बेटांच्या पश्चिम किनाऱ्यांवर आहेत, कारण शतकानुशतके तीच आडोशाची बाजू होती. लाटा त्याच बाजूने आल्या. ज्या किनाऱ्याला भिंतीची गरज कधी वाटली नव्हती, तोच किनारा उघडा पडला.

२०१६ च्या नोव्हेंबरात ओटो हे २४ तारखेला निकाराग्वाच्या दक्षिणेस जमिनीवर आले, कोस्टा रिकाच्या उत्तर भागातून पुढे जाऊन पॅसिफिकमध्ये उतरले आणि तेथेही त्याच नावाने चालत राहिले. २०२० मध्ये तर नावांची यादी दुसऱ्यांदा संपली, त्या वर्षी ३० वादळे झाली आणि ग्रीक अक्षरे आयोटापर्यंत पोहोचली. ईटा ३ नोव्हेंबरला आणि आयोटा १६ नोव्हेंबरला, दोन्ही निकाराग्वाच्या ईशान्य किनाऱ्यावर, एकमेकांपासून जेमतेम २५ किलोमीटरवर आदळली. पहिल्याने उडवलेली छपरे दुसरे आले तेव्हा जागेवर बसलेली नव्हती, आणि भिजून चिंब झालेल्या डोंगरउतारांवर पुन्हा पाऊस कोसळला. होंडुरास आणि ग्वाटेमालापर्यंत पूर व दरडींनी गावे गेली.

अशा प्रसंगी पैसा किती येतो यापेक्षा तो किती लवकर येतो याला महत्त्व असते, हे बँकेशी संबंध असणाऱ्याला सांगावे लागत नाही. त्या भागातील सरकारांनी २००७ मध्ये कॅरिबियन आपत्ती जोखीम विमा सुविधा उभारली. निकाराग्वा तिच्यात २०१५ साली आला. या विम्यात पडलेली घरे मोजत बसत नाहीत; वाऱ्याचा वेग, पावसाचे प्रमाण असे आधी ठरविलेले मोजमाप ओलांडले गेले की साधारण चौदा दिवसांत सरकारच्या हाती रक्कम पडते. ईटा आणि आयोटा या दोन्ही वादळांनंतर निकाराग्वाला अशी रक्कम मिळाली. अशा करारात वादळाची तारीख पाहिली जात नाही, मोजमाप पाहिले जाते. याउलट, हौशी नौकांच्या अनेक विमापत्रांत हंगामाच्या तारखांवरच अटी बांधलेल्या असतात: अमुक तारखेपर्यंत नौका वादळी पट्ट्याबाहेर ठेवावी, त्यानंतर मोकळीक. दरवर्षी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात कॅनरी बेटांवरील लास पाल्मासहून शेकडो शिडाच्या नौका एकत्र निघून अटलांटिक ओलांडतात व सेंट लुसियाला जातात, तीही हरिकेनचा हंगाम सरत आला या हिशेबानेच. २००५ साली ती मंडळी समुद्रात असताना डेल्टा आणि एप्सिलॉन त्याच महासागरावर फिरत होती.

ग्रीक अक्षरांची सोय पुढे बंद झाली. झीटा, ईटा, थीटा ही नावे २०२० मध्ये एका पाठोपाठ आली आणि रेडिओवर ऐकणाऱ्यांचा गोंधळ उडाला. शिवाय फार हानी केलेल्या वादळाचे नाव पुन्हा वापरायचे नाही अशी प्रथा आहे, आणि वर्णमालेतील अक्षर कसे बाद करणार? मार्च २०२१ मध्ये जागतिक हवामान संघटनेने ग्रीक अक्षरे रद्द करून माणसांच्या नावांची एक पुरवणी यादी तयार केली. त्याच वर्षापासून मायामीचे केंद्र आपली दैनंदिन निरीक्षण-पत्रके १ जूनऐवजी १५ मेपासूनच काढू लागले. हंगामाची अखेर मात्र ३० नोव्हेंबरच राहिली आहे. त्यानंतर मेच्या मध्यापर्यंत नियमित पत्रक निघत नाही. समुद्रावर काही दिसले, तर खास पत्रक निघते.